वित्त व प्रशासन अधिकारी कसा निवडावा : ग्रामीण विकास संस्थांसाठी पहिल्या भरतीची वाट

तालुक्याच्या गावी पाणलोट, बचत गट किंवा शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेत सुरुवातीची काही वर्षे हिशेब कुणीतरी सांभाळत असतो. बहुतेक वेळा तो अर्धवेळ लेखापाल असतो. महिनाअखेरीला येतो, व्हाउचर टॅलीत (हिशेबाच्या संगणक प्रणालीत) चढवतो आणि जातो. मग एखाद्या वर्षी सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा) प्रकल्प, परदेशी निधी आणि सरकारी अनुदान असे तिन्ही एकदम दारात येतात आणि पूर्णवेळ वित्त व प्रशासन अधिकारी नेमायचे ठरते. या पदावर चुकीचा माणूस आला तर ते लगेच कळत नाही. पहिले सहा महिने सगळे सुरळीत दिसते, आणि सप्टेंबरात ऑडिटर बसले की अॅडव्हान्स (कामासाठी आगाऊ दिलेल्या रकमा) जुळत नाहीत, टीडीएसची (देयकातून कापून सरकारकडे भरायच्या कराची) चलने सापडत नाहीत. म्हणून ही भरती घाईत उरकू नये. जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत दहा-बारा आठवडे धरा.

आधी कामाची यादी, मग पदनाम

जाहिरात लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या. वर्षभरात संस्थेला कोणकोणत्या तारखा पाळाव्या लागतात, त्या त्यावर लिहा. दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा). दर तिमाहीला टीडीएसचे विवरणपत्र. ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरण. ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचे लेखापरीक्षण आणि आयकराचा ऑडिट अहवाल, ३१ ऑक्टोबरपर्यंत आयकर विवरणपत्र. परदेशी निधी असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ (परदेशी निधीचे वार्षिक विवरणपत्र). विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज.

ही झाली वित्ताची बाजू. प्रशासनाची यादी वेगळी करा आणि ती दुय्यम समजू नका : हजेरीपट, रजा नोंदी, आवक-जावक, डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), गाडीचे लॉगबुक, भाडेकरार, विमा, दरपत्रके आणि तुलनात्मक तक्ते, विश्वस्त मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठीची अंतर्गत समिती आणि तिचा वार्षिक अहवाल.

आता प्रत्येक ओळीसमोर महिन्याला अंदाजे किती तास लागतील ते मांडा. बेरीज १७५ तासांच्या वर गेली, तर एका माणसाचे काम नाही हे तिथेच स्पष्ट होते. अशा वेळी अधिकारी एक आणि हाताखाली अर्धवेळ लेखा सहायक, असा विचार करा. तास न मांडता भरती केली की वित्ताचे काम तारखांच्या धाकाने होते आणि प्रशासन मागे पडते. मग तीन वर्षांनी कळते की स्टॉक रजिस्टरमध्ये निम्मे लॅपटॉप चढलेलेच नाहीत.

सही कुणाची, तपासणी कुणाची

हा निर्णय विश्वस्त मंडळाने ठराव करून भरतीआधी घ्यायचा असतो. बिल तयार करणारा, ते मंजूर करणारा आणि पैसे सोडणारा हे तीन वेगळे हात हवेत. छोट्या संस्थेत तीन माणसे मिळत नाहीत, तरी दोन तर हवेतच. उदाहरणादाखल : ५,००० रुपयांपर्यंत प्रकल्प समन्वयक मंजूर करील, ५०,००० पर्यंत सचिव, त्यावर सचिव आणि कोषाध्यक्ष दोघे. वित्त अधिकारी तपासतो, नोंद करतो, नेट बँकिंगमध्ये देयक भरतो. मंजुरीचे बटण मात्र विश्वस्ताकडे.

कोषाध्यक्षांचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लेखापालाच्या खणात पडलेले असणे ही गोष्ट फार ठिकाणी दिसते. सोय म्हणून ते सुरू होते. त्यात त्या कर्मचाऱ्यालाही धोका असतो, कारण पुढे काही निघाले तर संशय पहिला त्याच्यावर येतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे टोकन देणार नाही, असे आधीच ठरवा.

पगार कुठून येणार

उमेदवाराला सांगायचा आकडा आणि संस्थेला पडणारा खर्च यांत फरक असतो. एकूण पगार ४०,००० रुपये आणि मूळ वेतन त्याच्या निम्मे, २०,००० धरले, तर संस्थेचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा २,४०० आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद ९६२. म्हणजे महिन्याला ४३,३६२, वर्षाला साधारण ५ लाख २० हजार. विमा आणि प्रवास त्यावर.

ही रक्कम प्रकल्पांवर वाटताना परदेशी निधीकडे नीट बघा. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि हिशेब सांभाळणाऱ्याचा पगार प्रशासकीय खर्चातच मोडतो. वर्षात १८ लाख परदेशी निधी आला तर मर्यादा ३ लाख ६० हजार. पगाराचा ३० टक्के भाग तिथे टाकला तर १ लाख ५६ हजार गेले. उरलेल्या दोन लाखांत कार्यालयाचे भाडे, वीज, ऑडिट फी आणि संचालकांच्या मानधनाचा वाटा बसतो का, हे आधी तपासा.

सीएसआरच्या बाबतीत उलटा गोंधळ होतो. कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर असलेली ५ टक्क्यांची मर्यादा काम करणाऱ्या संस्थेलाही लागू आहे असे समजून काही संस्था अंदाजपत्रकात वित्त अधिकाऱ्याचा पगार मागतच नाहीत. ती मर्यादा कंपनीसाठी आहे. प्रकल्पाला लागणाऱ्या माणसाचा वाटा स्पष्ट शब्दांत मागा आणि करारात लिहून घ्या. वाटप टक्केवारीने केले की दर महिन्याची टाइमशीट ठेवावी लागते, तिच्याशिवाय तो खर्च ऑडिटमध्ये टिकत नाही.

कधी आणि कुठे शोधायचे

सर्वांत सोयीचा काळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाहिरात आणि जानेवारीत रुजू. नवा माणूस ३१ मार्चच्या आधी तीन महिने पुस्तके पाहतो आणि वर्षअखेर स्वतः बंद करतो. ऑगस्ट-सप्टेंबरात नवा माणूस आणू नका. दुसऱ्याने लिहिलेल्या हिशेबाची उत्तरे ऑडिटरला देण्यात त्याचे पहिले दोन महिने जातात आणि चूक कुणाची यावरच वाद होतात.

जिल्हा आवृत्तीतली छोटी जाहिरात अजूनही उपयोगी पडते, विकास क्षेत्रातल्या नोकऱ्यांची संकेतस्थळेही. पण चांगले उमेदवार बऱ्याचदा तीन ठिकाणी मिळतात. जिल्ह्यातल्या सनदी लेखापालांच्या कार्यालयात, जिथे आर्टिकलशिप (सनदी लेखापालाकडची उमेदवारी) संपवून सीए इंटरवर (मधल्या परीक्षेवर) थांबलेली मुले-मुली विश्वस्त संस्थांचीच ऑडिट करत असतात. नागरी पतसंस्था आणि सहकारी बँकांत, जिथे बी.कॉम. आणि जीडीसी अँड ए (सहकार व लेखा पदविका) झालेल्यांना किर्द-खतावणीची शिस्त अंगवळणी पडलेली असते. आणि अन्य संस्थांच्या संपत आलेल्या प्रकल्पांत. पतसंस्थेतून आलेल्याला निधीनिहाय हिशेब शिकवावा लागतो, सीए कार्यालयातून आलेल्याला गाडीचे लॉगबुक आणि गावातला बिनबिलाचा दुकानदार. दोन्ही शिकता येते.

जाहिरातीत पगाराची मर्यादा, कामाचे गाव, दौऱ्याचे महिन्याला दिवस आणि कराराचा कालावधी लिहा. ‘पगार पात्रतेनुसार’ एवढेच लिहिले की अर्जांचा ढीग येतो आणि निवड झालेला शेवटच्या क्षणी नाही म्हणतो.

अनुभवाची अट तीन ते पाच वर्षे ठेवा. इंग्रजीवर प्रभुत्वाची अट आम्ही घालणार नाही. निधी देणाऱ्यांना जाणारी पत्रे दुसरे कुणी तपासून देऊ शकते, व्हाउचरची शिस्त दुसऱ्याकडून उसनी आणता येत नाही. मात्र एक्सेल पक्के हवे आणि टॅलीत कॉस्ट सेंटर (एकाच हिशेबात प्रकल्पनिहाय खर्च वेगळा दाखवण्याची सोय) वापरता यायला हवे. ज्याला कॉस्ट सेंटर माहीत नाही तो प्रत्येक प्रकल्पासाठी टॅलीत वेगळी ‘कंपनी’ उघडतो, आणि मग संस्थेचा एकत्र ताळेबंद करताना रात्री जागाव्या लागतात.

छाननी

दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि नंतर ताडून पाहावेत. शिक्षण, निधीनिहाय हिशेबाचा अनुभव, प्रशासनाचा अनुभव आणि अर्जाची स्वच्छता एवढे चार निकष पुरतात. सहा ते आठ जणांना चाचणीला बोलवा.

लहान गावात उमेदवार कुणाचा तरी नातेवाईक निघतोच. विश्वस्ताचा भाचा अर्ज करू शकतो. पण नाते लेखी जाहीर व्हावे, त्या विश्वस्ताने निवडीत बसू नये आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. तो विश्वस्त कोषाध्यक्ष किंवा सही करणारा असेल तर मात्र त्या उमेदवाराला घेऊच नका, कारण मग तपासणारा आणि मंजूर करणारा एकाच घरातले होतात.

लेखी चाचणी : इथे खरा निवाडा होतो

मुलाखतीत सगळेच म्हणतात, ‘अकाउंट्स पूर्ण बघत होतो.’ म्हणून मुलाखतीआधी दोन तासांची चाचणी घ्या, संगणकासह, १०० गुणांची.

पहिला भाग, ४० गुण : व्हाउचरचा गठ्ठा. संस्थेच्या खऱ्या नमुन्यावर, पण नावे बदलून दहा व्हाउचर तयार करा आणि प्रत्येकासमोर ‘मंजुरीला पाठवाल का, नसल्यास काय मागाल’ असे लिहायला सांगा. त्यात पुढच्या प्रकारचे दोष घाला :

- शिबिराच्या जेवणाचे बिल ६० ताटांचे, सोबतच्या हजेरीपत्रकावर सह्या ३८.
- माती नालाबांधाच्या कंत्राटदाराला १,२०,००० रुपये पूर्ण दिलेले. कंत्राटदार व्यक्ती असेल तर १ टक्का, म्हणजे १,२०० रुपये टीडीएस कापायला हवा होता.
- एकाच दुकानदाराला एकाच दिवशी ७,००० रुपयांची दोन रोख व्हाउचर. एका व्यक्तीला दिवसाला १०,००० रुपयांवर रोख दिले तर आयकराच्या दृष्टीने तो खर्च धरला जात नाही, म्हणून केलेली ही तोडफोड.
- लॅपटॉपचे बिल समन्वयकाच्या वैयक्तिक नावावर.
- डिझेलचे बिल त्या तारखेचे, ज्या दिवशी लॉगबुकप्रमाणे गाडी गॅरेजमध्ये होती.
- स्थानिक देणगी परदेशी निधीच्या खात्यात जमा केल्याची पावती.
- ४ एप्रिलचे बिल, खर्चाची नोंद ३१ मार्चची, आणि माल मिळाल्याची पोच ५ एप्रिलची.

आणि दोन-तीन व्हाउचर पूर्ण बरोबर ठेवा. ही महत्त्वाची गोष्ट आहे. काही उमेदवार प्रत्येक कागदावर हरकत काढतात. असा माणूस आला की गावात काम करणारे कार्यकर्ते वैतागतात आणि हळूहळू खोटी बिले जोडायला शिकतात. बरोबर व्हाउचरला बरोबर म्हणणाऱ्याला त्याचे गुण द्या.

दुसरा भाग, २० गुण : बँक जुळवणी. पासबुकात शिल्लक ३,४२,६००. दिलेले पण न वटलेले धनादेश २८,४००. भरलेला पण जमा न झालेला धनादेश १५,०००. बँकेने कापलेले ५९० रुपये शुल्क पुस्तकात नाही. आपल्या पुस्तकातली शिल्लक किती? उत्तर ३,२९,७९०. जो ५९० ची उलटी दिशा धरतो तो ३,२८,६१० वर पोचतो. त्याला लगेच बाद करू नका, पण मुलाखतीत पुन्हा सोडवायला सांगा.

तिसरा भाग, २५ गुण : अंदाजपत्रक आणि खर्चाचा तक्ता. वर्षाचा प्रकल्प २४ लाखांचा, तिसरी तिमाही संपली, खर्च १५ लाख ६० हजार, म्हणजे ६५ टक्के. प्रशिक्षणाची तरतूद ३ लाख, खर्च ३ लाख ३६ हजार. करारात एका शीर्षात १० टक्क्यांपर्यंत फरक चालेल असे लिहिले आहे. उमेदवाराने एक्सेलमध्ये तक्ता करून सांगायचे की अडचण कुठे आहे. दोन अडचणी आहेत : एकूण खर्च मागे आहे, आणि प्रशिक्षण १२ टक्क्यांनी वर गेले आहे. नवखा फक्त जास्तीचा खर्च पाहतो. जाणता कमी खर्चाकडेही बोट दाखवतो, कारण मार्चअखेर उरलेला पैसा परत करावा लागतो किंवा मुदतवाढ मागावी लागते.

शेवटचे १५ गुण पत्राला : याच फरकाला मान्यता मागणारे दहा ओळींचे पत्र निधी देणाऱ्या संस्थेला, आणि त्याच विषयाची चार ओळींची मराठी सूचना प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना. दुसरे लिखाण काळजीपूर्वक वाचा. उमेदवार कार्यकर्त्यांशी हुकमाच्या भाषेत बोलतो की समजावून, ते त्यात उतरते.

आयकराच्या कलमांचे क्रमांक विचारण्यात वेळ घालवू नका. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. टीडीएस का कापायचा आणि नाही कापला तर काय होते, हे समजलेला उमेदवार नवा क्रमांक पाच मिनिटांत शोधतो.

मुलाखत

मंडळात सचिव, एक बाहेरचा सनदी लेखापाल आणि प्रकल्पाकडचा एक कार्यकर्ता असावा. त्यांत किमान एक स्त्री असावी. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. स्त्री उमेदवाराला लग्न, मूल, नवऱ्याची बदली हे प्रश्न विचारायचे नाहीत. दौऱ्याचे दिवस आणि ऑडिटच्या काळात उशिरापर्यंत थांबावे लागते हे सगळ्यांना सारखेच सांगा, आणि परतीच्या वाहनाची सोय संस्था काय करते तेही.

या पदासाठी एकच गुण सर्वांत वर ठेवावा असे आमचे ठाम मत आहे : वरिष्ठाला नाही म्हणता येणे, आणि नाही म्हणून काम अडू न देणे. तो असा तपासता येतो :

‘संचालक दौऱ्यावर आहेत, उद्या शिबिर आहे. समन्वयक म्हणतात, दुकानदार बिल नंतर देईल, आज २५,००० रोख द्या. काय कराल?’ ‘देणार नाही, नियम आहे’ हे अर्धे उत्तर. ‘सर म्हणाले तर देईन’ हे चुकीचे. चांगला उमेदवार वाट काढतो : दुकानदाराकडून दरपत्रक मोबाइलवर मागवतो, संचालकांची मंजुरी ईमेलवर घेतो, रक्कम थेट दुकानाच्या खात्यात भरतो, आणि बिल आठ दिवसांत आले नाही तर काय, हे समन्वयकाला आधीच सांगतो.

दुसरा प्रश्न : ‘ज्येष्ठ कार्यकर्त्याचा अॅडव्हान्स तीन महिने थकला आहे, त्यांना नवा हवा आहे.’ जुना जुळल्याशिवाय नवा नाही, हे तत्त्व सांगणारे बरेच असतात. त्यांच्यासोबत बसून बिले लावून देईन, असे म्हणणारा एखादाच असतो. त्याला घ्या.

पडताळणी

निवड कळवण्याआधी दोन जुन्या ठिकाणी फोन करा, उमेदवाराची संमती घेऊन. ‘माणूस कसा होता?’ या प्रश्नाला ‘चांगला’ एवढेच उत्तर येते. नेमके विचारा : ऑडिटरच्या शंका किती दिवसांत निकाली निघत? सोडून जाताना लेखी हस्तांतरण झाले का? टीडीएस उशिरा भरल्याचा दंड कधी लागला का? पुन्हा घ्याल का? शक्य असेल तर जुन्या संस्थेच्या ऑडिटरशीही बोला. मूळ गुणपत्रिका, पॅन, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक), शेवटच्या तीन पगारपत्रकांची प्रत आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या. प्रतीक्षा यादीत दुसरा उमेदवार ठेवा आणि पहिला प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत त्याला नकार कळवू नका.

नियुक्तिपत्र आणि हस्तांतरण

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. अंदाजपत्रकात ती धरा. पत्रात सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ, दोन्ही बाजूंनी एक ते दोन महिन्यांची सूचना, कामाची यादी आणि तो कुणाला उत्तरदायी आहे हे लिहा. वित्त अधिकारी सचिवांच्या हाताखाली असला तरी कोषाध्यक्षांशी थेट बोलण्याचा अधिकार त्याला पत्रातच द्या.

जुना लेखापाल आणि नवा अधिकारी यांना निदान दहा कामाचे दिवस एकत्र मिळावेत. हस्तांतरणाची यादी करून तिघांच्या सह्या घ्या : मोजलेली रोख, वापरलेल्या आणि कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, मुदत ठेवींच्या पावत्या, टॅलीचा बॅकअप, थकीत अॅडव्हान्स नावानिशी, भरलेली चलने, सुरू असलेले करार, डिजिटल स्वाक्षऱ्यांच्या मुदतीच्या तारखा.

यात सर्वांत जास्त राहून जाते ती गोष्ट मोबाइल क्रमांकांची. आयकर, भविष्य निर्वाह निधी, परदेशी निधी आणि बँकेच्या पोर्टलवर जुन्या लेखापालाचा खासगी क्रमांक नोंदलेला असतो. तो गेल्यावर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि ऐन शेवटच्या तारखेला विवरणपत्र अडते. संस्थेच्या नावाने एक सिम घ्या, संस्थेचा एक ईमेल ठेवा, आणि जुना माणूस असतानाच सगळीकडे बदल करून घ्या.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात नव्या अधिकाऱ्याकडून फक्त चार गोष्टी मागा : सर्व खात्यांची बँक जुळवणी, रोख मोजणीचा कागद, थकीत अॅडव्हान्सची यादी आणि वर्षाचे तारखांचे कॅलेंडर. दुसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष मोजून डेड स्टॉक रजिस्टर, आणि गावांत किमान तीन दिवस, म्हणजे बिले कुठून येतात ते दिसेल. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कोषाध्यक्षांनी मागच्या तीन महिन्यांतली कोणतीही वीस व्हाउचर उचलून त्याच्यासमोर तपासावीत आणि परिवीक्षेच्या नोंदीत निष्कर्ष लिहावा. त्यात दोष निघाले तर सुधारायला अजून तीन महिने हातात असतात.